क्लच प्लेटची फुगीर बाजू

रोपवाटिकेत येणारी गिऱ्हाइकं बाईंना मागून 'करवत' म्हणायची. जातानाही कापते, येतानाही कापते. हे नाव बाईंच्या कानावर गेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं. सगळं जग बोथट माणसांनी भरलेलं असताना आपल्याला निदान दात तरी आहेत, असं त्यांना वाटत असावं.

"फारसं पाणी लागत नाही असं एखादं झाड दाखवा ना," असं कुणी म्हटलं की बाई फाटकाबाहेर बोट दाखवायच्या. "समोरच्या दुकानात प्लास्टिकची मिळतात. धूळ तेवढी पुसा, जमलं तर."

तरीही माणसं यायची, कारण बाईंची रोपं जगायची. नवरा होता तोवर तो मागच्या मागे डागडुजी करायचा. बाईंनी गिऱ्हाइकाला सोलून काढलं की हा हळूच त्याच्या पिशवीत एखादं छोटं रोप टाकायचा आणि ओठांतल्या ओठांत हसायचा. बाईंना ते ठाऊक होतं. "खैरात करा, करा," म्हणायच्या. तो गेल्यापासून डागडुजी करायला कुणी उरलं नव्हतं. जखमा उघड्याच घरी जायच्या.

घर रोपवाटिकेतच होतं. खाली दोन खोल्या, वर एक. मागे पत्र्याची शेड, तिच्यापलीकडे हिरव्या जाळीचा मांडव, त्यात कोवळ्या रोपांचे ट्रे. माती आणि खत यायचं ते खालच्या अंगणात, आणि ते चढावरून वर ओढून आणायचं काम एका बागेच्या ट्रॅक्टरकडे. मोठा ट्रॅक्टर गरम पाण्यात धुतल्यामुळे आटला असावा, असा तो दिसायचा. रंग उडालेला, सीटवर पोत्याची घडी. त्याच्यावर बसल्या की बाईंची पाठ ताठ व्हायची.

या घरात लेक आणि जावई राहायला आले ते 'दुसरी जागा मिळेपर्यंत'. जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं. ज्या इमारतीत होतं ती पाडायला काढली आणि दुकानाबरोबर वरची राहती खोलीही गेली. भिंगांची एक मोठी पेटी, डोळे तपासायचा तक्ता आणि लेक, एवढं घेऊन जावई बाईंच्या दारात उभा राहिला. लेक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती सकाळी निघून जायची आणि जावई घरात उरायचा.

पाहुण्याचं कौतुक असतं ते तो जातो म्हणून. हा जाईना. वर तो गरीब स्वभावाचा, त्यामुळे भांडताही येईना. तो कपबशा विसळायचा, कुंड्या उचलायचा, फाटकाच्या कडीला तेल घालायचा. बाई म्हणायच्या, "असू द्या, जावईबापू, हात खराब होतील." हे 'जावईबापू' त्या असं काही म्हणायच्या की त्यापेक्षा शिवी बरी. लेकीच्या नवऱ्याला अरे-तुरे करायचं नाही ही रीत त्यांनी काटेकोर पाळली होती. अहो-जाहो करून माणूस जास्त बारीक किसता येतो, हे त्यांना फार पूर्वीच कळलं होतं.

अशात ट्रॅक्टरचा क्लच गेला. म्हणजे एकदम गेला नाही, आधी नखरे करू लागला. मातीची गाडी मागे लावून बाई चढाच्या मध्यावर आल्या की इंजिन बोंब मारायचं, चाकं मात्र जागेवर. एकदा तर ट्रॅक्टर बाईंसकट हळूहळू मागे घसरत खाली आला, आणि तेही तीन गिऱ्हाइकांच्या देखत. हा ट्रॅक्टर इतकी वर्षं सांभाळणारा म्हातारा मेकॅनिक दुकान बंद करून मुलाकडे निघून गेला होता. दुसरा एक बोलावला, तर त्याने फाटकातूनच पाहून दात काढले. "बाई, याच्यात आता फुलं लावा," म्हणाला. बाईंनी त्याला जे ऐकवलं त्यानंतर तो त्या गल्लीतून गेला असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना जावई म्हणाला, "आई, मी बघू का?"

"काय?"

"क्लच."

बाईंनी कप खाली ठेवला. "जावईबापू, तो डोळ्यांचा नंबर नाही. 'आता स्पष्ट दिसतंय, की आता?' असं विचारलं म्हणून क्लच उत्तर देत नसतो."

"आई, करू दे ना त्याला," लेक म्हणाली. "नाहीतरी उभाच आहे."

"कोण, ट्रॅक्टर की हा?" हे बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण त्यांनी गिळलं. आणि परवानगी दिली. का दिली, तर गंमत बघायला मिळेल म्हणून. चष्म्याच्या दांडीतला स्क्रू पिळणारा माणूस ट्रॅक्टरचं पोट फाडणार, हे फुकटात बघायला कुणाला आवडणार नाही?

पण जावयाने घाई केली नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये क्लच असतो, तिथे हात पोचायचा तर ट्रॅक्टरचे दोन तुकडेच करावे लागतात. त्याने शेडमध्ये ट्रॅक्टर घेतला, पुढच्या भागाखाली लाकडाचे ठोकळे रचले, मागच्या भागाला जॅक दिला. एकेक बोल्ट काढून तो चष्म्याच्या रिकाम्या डब्यांत ठेवत गेला. कुठल्या डब्यात कुठले, ते झाकणावर लिहिलेलं.

बाई दिवसातून कितीदा तरी शेडमध्ये डोकावायच्या. कधी दोरी हवी असायची, कधी खुरपं. खरं काय हवं असायचं ते दोघांनाही माहीत होतं.

"वा! नटांनाही चष्मा लागला वाटतं?"

जावई खाली मान घालून हसायचा.

"आमचा मेकॅनिक हे अर्ध्या दिवसात उरकायचा हो. तुम्ही निवांत करा. खत काय, पुढच्या वर्षीही येईल."

त्याने मागचा भाग हळूहळू सरकवला आणि ट्रॅक्टर मधोमध उघडला. आतून काळी भुकटी सांडली. क्लच प्लेट बाहेर काढून त्याने ती पुसली आणि बाईंच्या समोर धरली. कडेचं अस्तर इतकं झिजलं होतं की रिव्हेटांची डोकी वर आली होती.

"बघा आई, हे संपलंय. म्हणून पकड राहत नाही."

"संपणारच. जे काम करतं ते झिजतं," बाई म्हणाल्या. त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी पुढे जोडलं, "न झिजलेलंही पाहतो म्हणा आपण."

हे मात्र लागलं असावं. जावयाने प्लेट पुन्हा पुसायला घेतली, पुसलेलीच.

ब्रेकला नवीन अस्तर लावून देणारा एक कारागीर बाजारामागे होता. जावई प्लेट त्याच्याकडे घेऊन गेला आणि काही दिवसांनी ती नवं अस्तर लावून परत आली. तोवर त्याने आतलं सगळं घासून-पुसून लखलखीत केलं होतं. कामाला निघालेली लेक शेडच्या दारात थांबली. बाई तिथेच होत्या.

"आई, बघ किती नीट करतोय," ती म्हणाली. "ना आदळआपट, ना चिडचिड. अगदी बाबांसारखा."

ती सहज बोलून गेली आणि निघूनही गेली. बाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. बाबांसारखा! आयुष्यभर ज्याला आपण 'तुम्हाला काही जमायचं नाही' म्हणत आलो, त्याची गादी आता या भिंगवाल्याला? आणि दोघांत ती करवत तेवढी आपण? रोपांना पाणी घालताना त्यांच्या हातातल्या नळीने त्या दिवशी दोन कुंड्या पार उलथल्या.

दुपारी त्या पुन्हा शेडमध्ये गेल्या. या वेळी दोरी-खुरपं काही आठवलं नाही, नुसत्याच गेल्या. जावई गुडघ्यांवर बसून प्लेट इंजिनाच्या बाजूला लावत होता. प्लेटच्या मधला भाग एका बाजूला सपाट असतो, दुसऱ्या बाजूला फुगीर. जावयाने फुगीर बाजू इंजिनाकडे केली होती.

बाईंना लख्ख आठवलं. फार वर्षांपूर्वी म्हाताऱ्या मेकॅनिकने याच शेडमध्ये हाच क्लच बदलला होता, आणि बाई तेव्हाही अशाच डोक्यावर उभ्या होत्या. "फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे, मागे," तो स्वतःशीच बडबडत होता. "उलटी बसली की ती पुढच्या बोल्टांना जाऊन टेकते. मग पेडल पायाने दाबा नाहीतर डोक्याने, क्लच सुटत नाही. चाक फिरतच राहतं."

बाईंनी तोंड उघडलं. एक वाक्य होतं, 'जावईबापू, उलटी लावताय', बस्स. टोमण्यासकट फुकट मिळालेलं असं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी वाया घालवलं नव्हतं. पण मग त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र आलं: संध्याकाळी लेक आलेली, जावई पेडल दाबतोय, गिअर खरखर करतोय, पडत काही नाही, आणि त्याचे कान लाल होत चाललेत. पुन्हा सगळं खोला. बाबांसारखा, नाही का!

त्यांनी तोंड मिटलं आणि त्या निघून गेल्या.

ट्रॅक्टर जोडून झाला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. लेक अजून यायची होती. जावयाने हात पुसले आणि बाईंना बोलावलं. शेडच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा, समोर वरचं अंगण आणि अंगणापलीकडे जाळीचा मांडव.

"आई, तुम्हीच सुरू करा. ट्रॅक्टर तुमचा आहे."

त्याच्या चेहऱ्यावर इतका भाबडा आनंद होता की बाईंना त्याचा रागच आला. माणसाने इतकंही उघडं असू नये. "छे छे," त्या म्हणाल्या. "मान तुमचा. बसा तुम्ही."

गिअर खरखरेल, याची फजिती होईल, एवढाच बाईंचा हिशेब होता. एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. ट्रॅक्टरचे दोन भाग जुळवताना आतला दांडा फिरवावा लागतो, त्यासाठी जावयाने ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकला होता, आणि तो गिअर काढायचा त्याच्याकडून राहिला होता. राहिला तरी बिघडलं नसतं, कारण त्याने क्लचचं पेडल पूर्ण दाबलं होतं. सरळ बसलेल्या प्लेटने त्याला तिथेच थांबवून ठेवलं असतं.

त्याने किल्ली फिरवली. ट्रॅक्टर सुरू झाला आणि चालूही लागला.

जावयाने पेडल आणखी दाबलं. तो सीटवरून अर्धा उठून त्या पेडलवर उभाच राहिला. ट्रॅक्टर शांतपणे अंगण ओलांडत होता. तो वेगात असता तर बरं झालं असतं, निदान बघणाऱ्याला विचार करायला वेळ मिळाला नसता. त्याने ब्रेक मारला, पण त्या ब्रेकमध्ये पूर्वीपासूनच काही दम नव्हता. मांडवाचा पहिला बांबू मोडला, मग दुसरा, आणि हिरवी जाळी ट्रॅक्टरवर नि जावयावर अंगावर शाल पडावी तशी पडली. आतून ट्रे चिरडल्याचे कडकड आवाज येऊ लागले.

"बंद कर! अरे बंद कर तो!" बाई धावत सुटल्या होत्या. "तो दांडा ओढ, लाल, उजवीकडे! उजवीकडे रे, मेल्या, तो दांडा ओढ!"

जाळीतून एक हात चाचपडत बाहेर आला आणि दांडा ओढला गेला. इंजिन खोकून बंद पडलं.

बाईंनी जाळी फाडली. नखांनी. आतून जावई निघाला तो कपाळावर ओरखडा आणि केसांत माती घेऊन. हातपाय धड होते. बाईंनी तेही तपासले, त्याच्या दंडाला धरून, वांगं बघावं तसं उलटसुलट फिरवून. मग दोघेही मांडवाकडे बघत उभे राहिले. पेटुनिया, डेलिया, शेवंती, सगळ्यांवरून चाकाचे दोन पट्टे गेले होते. पुढच्या हंगामाचा निम्मा माल त्या दोन पट्ट्यांखाली होता.

जावयाने केसांतली माती झटकली. मग त्याने विचारलं, "प्लेट उलटी बसली ना?"

बाईंनी पायाशी पडलेला मोडका बांबू उचलून बाजूला ठेवला.

"तुम्ही दुपारी आला होतात. प्लेटकडे बघितलंत, आणि काही न बोलता गेलात." तो बाईंकडे वळला. "तुम्ही! आणि काही न बोलता! मला तेव्हाच कळायला हवं होतं, आई."

करवतीला एकही दात आठवला नाही. जावई वाकून धड राहिलेले ट्रे बाजूला काढायला लागला.

लेक आली तेव्हा त्याने तिला सांगितलं, "गिअर काढायला विसरलो मी." एवढंच. बाकीचं त्याने गिळून टाकलं. बाई दारात उभ्या राहून ते ऐकत होत्या आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता. भांडला असता, ओरडला असता, तर त्या त्याला पुरून उरल्या असत्या. हा मोठेपणा करत होता! म्हणजे आता जन्मभर याच्या उपकाराखाली राहायचं, आणि समोरून हा गरीब चेहरा करून कपबशा विसळणार. हे त्यांना सहन होणं शक्य नव्हतं.

जेवताना त्या एकदम म्हणाल्या, "तो खोटं बोलतोय. प्लेट उलटी बसली होती. मला दिसलं होतं. मी बोलले नाही."

लेकीचा हात ताटातच थांबला. "का?"

"म्हटलं, बघू या."

"काय बघू या?"

"त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोघांची चूक, निम्मी निम्मी."

"निम्मी?" लेकीचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "जाळीऐवजी भिंत असती तर तो निम्मा राहिला असता, आई."

"अगं, त्यांचा तसा काही..." जावई मध्ये पडला.

"तू माझी बाजू घेऊ नकोस!" बाई कडाडल्या. लेक ताट उचलून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई शेडमध्ये गेला तर बाई तिथे आधीच बसल्या होत्या, उलट्या कुंडीवर, मांडीवर बोल्ट सोडायचे पाने घेऊन.

"बस," त्या म्हणाल्या. काल धावताना सुटलेलं अहो-जाहो पुन्हा काही हाताला लागलं नव्हतं. "आणि ते डबे आण. आधी खालचे बोल्ट सोड, वरचे नंतर. एवढंही कळत नाही?"

"वरचेच आधी सोडायचे असतात, आई. नाहीतर सगळा भार खालच्यांवर येतो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. उलट उत्तर! या घरात! "बरं, बरं," त्या पुटपुटल्या. "फार शहाणा आहेस."

दोघांनी मिळून ट्रॅक्टर पुन्हा उघडला. बाई जॅक चढवत होत्या, तो मागचा भाग ओढत होता, आणि तोंडं दोघांचीही चालू होती. त्याला पाना नीट धरता येत नव्हता, त्यांना धीर धरता येत नव्हता. त्याचे हात बायकी, त्यांचे कान नावापुरते. हे शेवटचं तो म्हणाला होता, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकला होता. फुगीर बाजू मागे करून प्लेट बसली. दोन भाग जुळेनात तेव्हा त्याने गिअर टाकून दांडा फिरवला, आणि जुळताच बाईंनी स्वतःच्या हाताने गिअर काढला. वर तीनदा हलवून पाहिला.

ट्रॅक्टर चढ चढला. मातीची भरलेली गाडी घेऊन, एका दमात. वर पोचल्यावर बाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "पेडल फार कडक केलंस."

लेक त्यानंतर कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. मांडवाची जाळी तिघांनी मिळून शिवली. बाईंचा भाग वाकडा झाला म्हणून त्यांनी जावयाच्या सरळ टाक्यांना नावं ठेवली. लेक सुईत दोरा ओवत राहिली, हसली नाही. पुढे ती बोलू लागली, पण बोलण्याआधी क्षणभर थांबायची. त्या थांबण्यात काय असतं ते बाईंना ओळखीचं होतं. त्यांची गिऱ्हाइकं तसंच थांबतात, काही विचारण्याआधी.

शेवटी चष्म्याच्या दुकानाला जागा मिळाली, मागे दोन खोल्याही होत्या. सामान रस्त्यापर्यंत न्यायला ट्रॅक्टरच लागला. बाई चालवत होत्या, लेक मागच्या गाडीत खोक्यांवर बसली होती आणि जावई भिंगांची पेटी छातीशी धरून बाजूने चालत होता, कारण ती पेटी त्याला गाडीत ठेवायची नव्हती. "मग मूल आहे का ते?" असं बाईंनी विचारूनही झालं होतं.

फाटकाशी बाईंनी पेडल दाबलं, ट्रॅक्टर थांबला. खोकी टेम्पोत चढली. लेक उतरून बाईंपाशी आली.

"येते मी, आई."

"ये. नव्या घराच्या खिडकीत ऊन येत नाही म्हणालीस ना?"

"हो. सकाळी थोडंसं येतं."

"मग गुलाब मागायला येऊ नकोस. झाडाचा जीव घेशील."

लेक थांबली. मग हसली, फार नाही. टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत बाई उभ्या होत्या. त्यानंतर त्यांनी रिकामी गाडी वळवली आणि चढाला लागल्या. मांडवात कमी ऊन मागणारी काही रोपं तयार होती, त्यांतलं एखादं बाजूला काढून ठेवायला हवं होतं. आणि मग तिने ते कोमेजवलं, की त्यावर बोलायला मोकळं.